पस्तीस घनफूट पाणी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मुलाला सांगून टाकलं. आजच सांगायचं ठरलेलं नव्हतं, पण चहा पिता पिता त्याने मागच्या खोलीचा विषय काढला. त्याच्या घरातली मागची खोली म्हणे माझ्यासाठी रिकामी केली आहे. पलंग बसतो, कपाट बसत नाही. "आणि आई, तुझी ती माशांची टाकी मात्र कुणाला तरी देऊन टाक. भिंतीला ओल धरते."

देऊन टाक! जुनी छत्री असावी तसं. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी कुठेही येत नाही. मी लग्न करते आहे."

त्याला ठसका लागला. सुनेने त्याची पाठ थोपटली. मग तिने दुसऱ्यांदा चहा ओतला तो आधी माझ्या कपात ओतला, हे इथे नोंदवून ठेवते.

"कुणाशी?"

"मिस्त्रींशी."

"ते बोटीच्या इंजिनांचं काम करायचे, ते?"

"तेच. तू बँकेत आकडे मोजतोस, त्यांनी इंजिनं चालवली. पुढे?"

"अगं आई, पण या वयात..."

"एकसष्ट. माझं वय मला पाठ आहे."

मग जे व्हायचं तेच झालं. लोक काय म्हणतील, बाबा जाऊन किती वर्षं झाली, दोघांच्या सवयी, दोघांचं सामान. शेवटी म्हणाला, "तुला एकटीने राहायची सवय आहे. दोघांपैकी एकाला सगळं सोडावं लागणार, आणि ते तूच सोडणार, बघ."

तिथे माझं डोकं फिरलं. त्याला स्वच्छ सांगितलं की कुणीही काहीही सोडणार नाही. माझ्या टाकीतलं बादलीभर पाणी कमी झालं किंवा त्यांच्या टाकीतलं बादलीभर कमी झालं, तरी हे लग्न नाही. ही माझी अट.

घरी आल्यावर टाकीची काच दोनदा पुसली. रागाने. आता बरं वाटतंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्रींना अट सांगितली. ते टाकीची काच पुसत होते. "बादलीभरसुद्धा नाही?" म्हणाले. मी म्हणाले, "तांब्याभरसुद्धा नाही." ते हसले आणि पुसत राहिले.

त्यांची टाकी त्यांनी स्वतः बांधलेली आहे, लांबी-रुंदी तीन फूट आणि पाणीही बरोबर तीन फूट. आत दोनच मासे. एकाचं नाव कप्तान, दुसरा बिननावाचा. ताटलीएवढे आहेत. कप्तानाला कोळंबी द्यायची तर हातात धरून पाण्यावर न्यावी लागते. तो वर येतो, जबडा उघडतो आणि कोळंबी नाहीशी होते. आज माझं बोटही जरासं आत गेलं. फार लाघवी जनावर आहे.

माझी टाकी दोन फुटांची, सगळ्या बाजूंनी. आत निऑन मासे. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, अंगावर निळी रेघ. मोजायला गेलं की जागा बदलतात.

मिस्त्रींचं राहतं क्वार्टर मार्चअखेर पाडणार आहेत, त्यामुळे तेच माझ्याकडे येणार. मासे पाळणाऱ्या माणसाला नव्या टाकीचं भय नसतं, नव्या पाण्याचं असतं. नळाचं पाणी नुसतं ओलं असतं. त्यात महिनोन्‌महिने मासे राहावे लागतात, तेव्हा ते पाणी मुरतं. म्हणून जुनं पाणी आम्ही कुणी ओतून देत नाही. घर बदललं तर पिंपांत भरून बरोबर नेतो. लोक हसतात. हसोत.

९ फेब्रुवारी, सोमवार

दोन टाक्या माझ्या बैठकीत मावत नाहीत. तीन फुटी ठेवली तर दार उघडत नाही. मिस्त्री म्हणाले, "माझी राहू दे. एवढं काय." मी हात वर करून त्यांना थांबवलं. वर्गात करायचे तसाच.

खिडकी आणि दार यांच्यामध्ये भिंत बरोबर पाच फूट आहे. तीन आणि दोन पाच! तिथे उभ्या उभ्या मला हसू फुटलं. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं,

अ³ + ब³ = (अ + ब)(अ² − अब + ब²)

आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, बाई, याचा उपयोग काय? दरवर्षी मी सांगायचे, परीक्षेत पाच मार्क. हा घ्या उपयोग! त्यांचं पाणी तीनाचा घन, सत्तावीस घनफूट. माझं दोनाचा घन, आठ. एकूण पस्तीस. लांबी अ अधिक ब, म्हणजे पाच फूट, भिंतीने दिलेली. मग उरलेला कंस म्हणजे रुंदी गुणिले उंची: नऊ वजा सहा अधिक चार, सात. रुंदी दोन फूट धरली तर दारही उघडतं. उंची साडेतीन. पाच गुणिले दोन गुणिले साडेतीन, पस्तीस. थेंब इकडचा तिकडे होत नाही.

मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणतात, मला गणित येत नाही. आयुष्यभर डिझेलच्या टाक्यांत काठी बुडवून सांगितलं किती उरलंय, तेवढंच. पण प्रश्न चांगला विचारला त्यांनी. "दोघांचं एकत्र करायचंय ना? मग मधे वजा कशाला?"

मी समजावलं. "नऊ माझ्या बाजूलाही पसरायला बघतात आणि चार तुमच्या बाजूला. तसंच ठेवलं तर पाच गुणिले तेरा, पासष्ट होतात. तुम्ही माझ्या दोन फुटांत घुसलात, मी तुमच्या तीन फुटांत घुसले, ते जास्तीचं काढून टाकायचं. म्हणून वजा."

"म्हणजे एकमेकांच्या जागेत घुसायचं नाही."

"बरोबर."

"एका घरात राहून?"

मी म्हणाले, चेष्टा पुरे. ते म्हणाले, "पाण्याचं तुमचं बरोबरच असणार, बाई. पण माशांचं..." मी म्हणाले, माशांना पाणी मिळालं की झालं. आधी मला काचवाल्याकडे जाऊ दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काचवाल्याला मापं दिली. पाणी साडेतीन फूट राहायला हवं, म्हणून काच वर चार बोटं जास्त. तो म्हणाला, "बाई, एवढी जाड काच? आत मगर ठेवताय का?" बरा माणूस आहे. जाड काच मागवून ठेवतो म्हणाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुलाने माझ्या पाठीमागे आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना फोन केला. आई साडेतीन टनांची टाकी पहिल्या मजल्यावर ठेवते आहे, खाली औषधांचं दुकान आहे, उद्या छत खाली आलं तर जबाबदार कोण, वगैरे. सेक्रेटरी धावत वर आले. काम बंद.

साडेतीन टन कुठून आले ते मी फोनवर विचारलं. म्हणाला, "तीन फुटी आणि दोन फुटी मिळून पाच फुटी टाकी. पाचाचा घन सव्वाशे. सव्वाशे घनफूट पाण्याचं वजन काढ तूच."

बेरजेचा घन म्हणजे घनांची बेरीज! ही चूक मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्यांत लाल पेनाने खोडली, आणि आता माझ्या पोटचा गोळा, बँकेत अधिकारी, फोनवर ती मला ऐकवतो. छत पडण्याची मला भीती वाटली नाही. लाज मात्र वाटली.

"तीन अधिक दोनचा घन नाही, तीनाचा घन अधिक दोनाचा घन," मी म्हणाले. "सव्वाशे आणि पस्तीस यांत नव्वदचा फरक आहे. ते नव्वद घनफूट पाणी कुठून आणलंस?"

"आई, मुद्दा पाण्याचा नाही."

"माझा आहे."

त्याने फोन ठेवला. मागाहून सुनेचा आला. "आई, ते तसं बोलले म्हणून मनावर घेऊ नका. त्यांना भीती वाटते." मी विचारलं, कसली? ती म्हणाली, "तुम्ही आता आमच्याकडे कधीच येणार नाही, याची." असं काही नाही, त्याला फक्त हट्ट करायचा आहे. लहानपणापासून तसाच आहे, कुणावर गेलाय देव जाणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सेक्रेटरींच्या ऑफिसात गेले. तिथे पांढरा बोर्ड आहे, त्यावर पाण्याच्या टँकरच्या वेळा लिहिलेल्या होत्या. विचारून पुसल्या. सत्तावीस, आठ, पस्तीस, सगळं मांडलं. इमारतीचे इंजिनियर बोलावले होते. ते म्हणाले, "पस्तीस घनफूट म्हणजे एक टनाच्या आसपास. काचेचं आणि स्टँडचं धरून थोडं जास्त. त्या भिंतीखाली तुळई आहे. भिंतीलगत ठेवा, स्टँडचे पाय लांब पट्ट्यांवर घ्या, चालेल."

सेक्रेटरी म्हणाले, "लिहून देता?" इंजिनियर म्हणाले, देतो. मग सेक्रेटरी जरा ओशाळून म्हणाले, "बाई, आमच्या मुलीचा बीजगणिताचा पेपर आहे..." उद्यापासून संध्याकाळी येणार आहे ती.

जिंकले. मुलाला निरोप पाठवला: पस्तीस. एवढंच लिहिलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

टाकी उभी राहिली! स्टँड मिस्त्रींनी वेल्ड केला, काचा काचवाल्याने आणि त्यांनी मिळून लावल्या. साध्या पाण्याने भरून दोन दिवस ठेवली, कुठे पाझर नाही. मग रिकामी केली. आता रविवारी जुनं पाणी आणायचं, मग मासे. बारा मार्चला लग्नाची नोंदणी.

मिस्त्रींचं सामान येतंय. फारसं नाही. कामाचं बाक पुतण्याला दिलं, लेथ मशीन एका जुन्या सहकाऱ्याला. आरामखुर्ची शेजाऱ्यांना. मी विचारलं, का दिली? म्हणाले, "लागत नव्हती." बरं झालं, बैठकीत जागा राहिली. माझं पुस्तकांचं कपाट हलवावं लागलं नाही. मुलगा म्हणत होता एकाला सगळं सोडावं लागेल. बघ म्हणावं, कुणाला काही सोडावं लागलं का.

१ मार्च, रविवार

पाणी आणलं नाही. मी आत्ता शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे.

सकाळी पिंपं घेऊन मिस्त्रींकडे गेले, ठरल्यापेक्षा लवकर. ते अंगणात होते. एक पिंप झाकण लावून, सुतळीने बांधून हातगाडीवर ठेवलेलं. झाकणाला हवेसाठी भोकं. टाकीत पाहिलं तर कप्तान नाही, दुसराही नाही.

"कुठे चाललात?"

खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "एका हॉटेलात. तिथे स्वागतकक्षात मोठी टाकी आहे. ओळखीचा माणूस आहे, नीट ठेवील."

"कशासाठी? पस्तीस घनफूट आहेत! सत्तावीस तुमचे!"

"पाणी पुरेल हो बाई. पण कप्तान एका संध्याकाळीत तुमचे सगळे निऑन खाईल."

मी गाढवासारखी उभी राहिले. कोळंबी. तो जबडा. मी माझ्या हाताने भरवलं होतं त्याला. तो तरी दुसरं काय करणार? महिनाभर मी पाणी मोजत होते आणि पाण्यात कोण राहणार याचा एकदाही विचार केला नाही.

"मला सांगितलं का नाही?"

"दोनदा सुरुवात केली. तुम्ही हात वर केलात."

मला रडू आलं. अंगणात, पिंपाशेजारी, पदराने तोंड पुसत. या वयात उघड्यावर रडायची हौस नाही मला, पण आलं. माणूस बाक देतो, लेथ देतो, खुर्ची देतो, आणि मी वर म्हणते जागा राहिली. आणि आता कप्तान. त्यांची बायको आजारी होती त्या वर्षी त्यांनी त्याला आणलं होतं, नखाएवढा होता, हे मला माहीत आहे. तिने त्याचं नाव ठेवलं. तरी मला सुचलं नाही.

"अट आठवते ना?" मी म्हणाले. "तुमचं कमी झालं तर लग्न नाही."

"मग कुणाला तरी कमी पडणारच. माझे मासे जाऊ देत."

"सुतळी सोडा."

"बाई..."

"सोडा म्हणते ना! कप्तान कुठेही जाणार नाही. आणि माझे निऑनही नाहीत. मधे काच लावायची. बारीक भोकांची, पाणी जाईल, मासा जाणार नाही. हे मला महिन्यापूर्वी सुचायला हवं होतं, आता सुचलं. टाकी अजून कोरडी आहे, बिघडलं काय?"

मग त्यांनी सुतळी सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. मी पिंपात डोकावले. कप्तान तळाशी गप्प बसला होता, रागावल्यासारखा.

५ मार्च, गुरुवार

काचवाला काच घेऊन आला. "बाई, मगर आली वाटतं," म्हणाला. मी सेक्रेटरींच्या मुलीला अवयव पाडायला शिकवत होते, त्यामुळे मिस्त्रींनीच उभं राहून काच बसवून घेतली. नंतर विचारलं, कुठे लावली? "तुमचे दोन फूट, माझे तीन फूट. जसं होतं तसं." पाच-सहा दिवस हात लावायचा नाही म्हणाले, सिलिकॉन वाळू दे. बरोबर वाटलं मला. न्याय्य.

११ मार्च, बुधवार

आज पाणी भरलं. सून आली होती, बँकेत कारण न सांगता अर्धा दिवस सुट्टी काढून. (तीही बँकेत आहे, त्याच्याच.) साडी खोचून तिने पाइप धरला. मिस्त्री आणि काचवाला पिंपं वर चढवत होते.

आधी माझ्या बाजूला माझं पाणी. सगळं घातलं तरी ते भोकांतून पलीकडे गेलं आणि दोन्हीकडे वीतभर दिसायला लागलं. मग मिस्त्रींचं. पिंपावर पिंप त्यांच्या बाजूला. मी माझ्या बाजूला बसून बघत होते. त्यांच्या पाण्याला थोडा पिवळसर रंग आहे, लाकडाचा ओंडका ठेवायचे ते. तो रंग काचेच्या भोकांतून हळूहळू माझ्याकडे येत होता. ते पलीकडे ओतत होते आणि अलीकडे माझं पाणी वाढत होतं.

सून म्हणाली, "आई, किती सुंदर दिसतंय." पण माझ्या डोक्यात गुणाकार चालू झाला होता.

दोन फूट गुणिले सात, चौदा. माझे आठ होते, आता चौदा. तीन गुणिले सात, एकवीस. त्यांचे सत्तावीस होते. सहा घनफूट गेले त्यांचे. माझ्याकडे आले. जसं होतं तसं कुठे? आठचं आठ ठेवायचं असतं तर माझी बाजू दोन फूट नाही, जेमतेम चौदा इंच व्हायला हवी होती. लांबीचे वाटे सरळ पडतात, घनाचे पडत नाहीत. आणि हे मला, मला, आठवडाभर कळलं नाही.

मासे आपापल्या बाजूला सोडले. सगळे गेल्यावर मिस्त्रींना कागद दाखवला. "काच चुकीच्या जागी आहे. तुमचे सहा घनफूट कमी झाले."

त्यांनी कागद लांब धरून वाचला, उलटा करून पाठीमागे काही आहे का पाहिलं. "असं होय? मला आपलं फूटपट्टीचं कळतं."

"उद्या काचवाल्याला बोलावून काच सरकवायची."

"सिलिकॉन वाळलंय, बाई."

"कापता येतं."

"कापलं तर टाकी पाझरेल." मग टाकीकडे बघत म्हणाले, "कप्तानाला काही फरक पडत नाही. तो तसाही एका कोपऱ्यातच बसतो. तुमच्या पिल्लांना पळायला जागा हवी."

कप्तान त्यांच्या बाजूच्या कोपऱ्यात बसला होता खरा. निऑन माझ्या बाजूला इकडून तिकडे धावत होते, एवढी जागा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मी चिडले होते. मी त्या माणसाचा हात धरला आणि चिडलेलीच राहिले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. स्वतःहून, महिन्याभराने. आधी इकडचं तिकडचं, मग हळूच: "मग? जमलं सगळं? कुणाचं काही कमी नाही ना झालं?"

"झालं," मी म्हणाले. "मिस्त्रींचं सहा घनफूट."

"मग तुझी अट?"

"अट मी घातली होती, मीच मोडली. तुला हिशोब तपासायचा असेल तर सव्वाशे सोडून दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात कर. उद्या अकरा वाजता नोंदणी आहे. माझ्या बाजूने एका साक्षीदाराची सही लागते. येणार असशील तर ये, नाहीतर काचवाला तयार आहे."